चमच्याचा दांडा

प्रिय धाकट्या,

सकाळी फोनवर तू बोलून ठेवलेला निरोप ऐकला. दाढेची कळ आपोआप थांबली, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडची वेळ रद्द केलीस, वाचलेल्या पैशांत नवे बूट घेणार. वर टोमणाही मारलास, “ताई, आता यावर सभा भरवू नकोस.” नाही भरवत. सभेतली माणसं टाळ्या वाजवून घरी जातात; तुला मी असं सोडणार नाही.

बाबांची तपासणी आठवते? सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की आपल्याला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं करायचे आणि चमच्याच्या दांड्याने एकेक दाढ ठोकायचे. टिक, टिक, टिक. कळवळला तो नापास, बाकी सगळे पास. “दुखत नाही ना? मग दवाखान्याचे खिसे कशाला भरायचे?” तू असला बेरकी, की दुखलं तरी डोळ्याची पापणी हलू द्यायचा नाहीस. बाबा तुझी पाठ थोपटायचे.

त्यांची स्वतःची दाढ ठणकायला लागली तेव्हा तू मामाकडे होतास. लवंग दाबून दाबून त्यांनी दिवस काढले, आणि एका सकाळी कळ गेली. आम्हा सगळ्यांना बोलावून त्यांनी चमच्याने ती दाढ ठोकून दाखवली. “बघा, गप्प बसली!” आम्ही हसलो. मग त्यांचा आवाज बदलायला लागला. गरम घास तोंडात धरून बोलावं तसा, जाड आणि ओला. हनुवटीखाली लाकडासारखी कडक सूज आली. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ते खुर्चीतच बसून राहिले. शेवटी बोलणंही बंद झालं. चमच्याने खुर्चीचा हात ठोकून पाणी मागायचे आणि आणलेलं पाणी तसंच ओठांवरून खाली यायचं. त्यांना उचलून नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, दाढ बरी झाली नव्हती, आतून मेली होती. मेलेली दाढ दुखत नाही. विष मात्र खाली उतरत राहतं.

तुला आम्ही एवढंच सांगितलं, की बाबा तापाने गेले. तू लहान होतास.

तेव्हापासून मी व्यासपीठावर ओरडते आहे. डोळ्यांना, हृदयाला, हाडांना सरकारी दवाखाना, आणि दात काय शेजाऱ्यांचे आहेत? साधी तपासणी वेळेवर झाली तर दाढेत चिमूटभर सिमेंट भरून भागतं. पण तेवढीही ज्यांना जड जाते त्यांनी दुखण्याची वाट पाहायची, आणि दुखायचं थांबलं की देवाचे आभार मानायचे! चमच्याचा तो दांडा बाबांचा अडाणीपणा नव्हता, धाकट्या. महागाईने त्यांच्या हातात दिलेलं ते एकमेव हत्यार होतं. तुझी गोष्ट वेगळी आहे. तुला परवडतं, तरी तू तोच चमचा धरून बसला आहेस. निरोपात तुझ्या शब्दांमागे तो वाजत होता. टिक, टिक.

तुझा निरोप मी मोठ्याने लावला होता. आई आत भाजी निवडत होती. ती हात पुसत बाहेर आली, भिंतीकडची बाबांची खुर्ची ओढून खिडकीशी ठेवली, खुर्चीच्या हातावर पाण्याचा पेला ठेवला आणि मला म्हणाली, “त्यांना सांग, घोट घोट घ्या म्हणावं.” धाकट्या, आई भ्रमिष्ट झालेली नाही. चमच्याचा तो आवाज मीही ओळखला.

म्हणून मी तशीच निघाले. मघाशी तुझं दार वाजवत होते ती मीच. तू आतून “उद्या बघू” म्हणालास, आणि तेवढे दोन शब्दही तुला नीट जमले नाहीत. मोठ्या इस्पितळाची गाडी बोलावली आहे. ती पोचेपर्यंत तुझ्या जिन्यात बसून हे लिहिते आहे, कारण माझं बोलणं तू भाषण म्हणून उडवून लावतोस. कागद दाराखालून सरकवते. बोलू नकोस, आडवा होऊ नकोस, पैशांचा विचार माझ्यावर सोड. फक्त कडी काढ. आत काहीतरी वाजतं आहे, धाकट्या. तू पाणी मागतो आहेस का?

दाराबाहेर बसलेली,
तुझीच ताई