थोरला, धाकटा आणि एक कोरियन सिनेमा

अल ऐन,
१५ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना,

अवनीचा नमस्कार. मी मजेत आहे. सकाळी आता छान गार वाटतं. फोन सोडून पत्र का, असं आई विचारेल. फोन तुम्ही मध्येच ठेवून दिला असता, म्हणून. हे शेवटपर्यंत वाचा.

बाबा, काल अबू धाबीत असला सिनेमा पाहिलाय की कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय! जुन्या काळातला, कोरियन. एका जमीनदाराचे दोन मुलगे. थोरला खळ्यावर उभा राहून कुळांना सांगतो, जमीन कसणाऱ्यांची. मी रोझच्या कानात म्हटलं, हे तर आमचे बाबा. (रोझ वसईची, आमच्या हॉस्पिटलमध्ये नर्स.) धाकटा घर आणि जमीन राखायला उभा राहतो. मग युद्ध पेटतं आणि दोघे दोन बाजूंना.

शेवटी बर्फात समोरासमोर येतात. दोघांच्या हातात बंदुका, थोरल्याचे पाय अनवाणी. धाकटा बंदूक खाली ठेवतो आणि स्वतःचे बूट काढायला लागतो.

आम्ही चौघं होतो. मी, रोझ, तिचा नवरा जोकिम आणि त्याच्या रुवैसच्या रिफायनरीतले एक वयस्क साहेब. ते साहेब तेवढ्यात उठून बाहेर गेले.

आता सांगतेच. ते सूर्यकांतकाका होते. योगायोग नाही, मीच जोकिमकडून निरोप धाडला होता. मी चौथीत असताना तुमच्या कंपनीत संप झाला. तुम्ही युनियनचे सेक्रेटरी, आणि तुम्हाला काढलं त्या पत्रावर सही तिथेच मॅनेजर असलेल्या तुमच्या सख्ख्या भावाची. तेव्हापासून आपल्या घरात त्यांचं नाव निघालेलं नाही. सिनेमाआधी ते मला 'मोठी झालीस' एवढंच म्हणाले होते.

मी त्यांच्या मागे बाहेर गेले, तर ते भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. वाटलं, आता पश्चात्तापाचं काहीतरी बोलतील. कसलं काय! म्हणाले, "संप चूकच होता. आजही म्हणेन."

मग फूड कोर्टात आम्ही जे भांडलो, बाबा! कंत्राटी कामगार, बंद पडलेली कँटीन, तुमच्याकडून ऐकलेलं सगळं मी टेबलावर हात आपटत काढलं. लोक वळून बघत होते. जोकिम 'खलास, खलास' (इथल्या अरबीत 'पुरे') करत मध्ये पडला, आणि काका एकदम हसायला लागले. दादा अजून असाच टेबलावर हात आपटतो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपटतात, पण गुडघे दुखतात म्हणून आता बसून.

त्यांचं हसू गेलं. कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "माझं मत बदलणार नाही. त्याचंही नको बदलायला. पण मला एकदा त्याच्याकडे घेऊन चल."

डिसेंबरअखेर मी येतेय ते तुम्हाला ठाऊक आहेच. काका माझ्याबरोबर येताहेत. तिकिटं झाली आहेत. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता.

हवं तितकं भांडा त्यांच्याशी. मी तुमच्याच बाजूने बोलेन. फक्त त्यांना घरात घेऊन भांडा.

तुम्हा दोघा भावांची,
अवनी