काचेला लाल दिसत नाही

कारंजा, २ मार्च १९४३

बाबा, तुम्ही देवाघरी गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. राग मानू नका.

आज इंझोरीची ती माळीण आली होती, जिच्या नवऱ्याला विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावांनी कुऱ्हाडीने मारलं. तुम्ही काढलेला फोटो पदराखालून काढून म्हणाली, "याले रंग दे. रगत लाल दिसू दे."

तो फोटो काढला त्या दिवशी मी कॉलेजातून सुटीवर आलो होतो. प्रेत आपल्या अंगणात खुर्चीला बांधून बसवलेलं. मेलेल्याचा फोटो काढायचा आणि मागाहून त्यावर उघडे डोळे रंगवायचे, ही रीतच. तुम्ही तिला म्हणता, "बाई, फेटा बांधू. जखम झाकून जाईन."

"डोये उघडे रंगवा. जखम कायले झाकता? झोपला नाही तो, मारला त्याले."

फोटो जिच्यावर उमटतो त्या कॅमेऱ्यातल्या काचेला लाल काळंच दिसतं हे तुम्हाला ठाऊक होतं. निदान केसांखालची सावली उजळावी, रक्त तिच्यातून वेगळं ओळखू यावं, म्हणून भिंगावरचं झाकण काढून तुम्ही नेहमीपेक्षा जास्त आकडे मोजायला लागता. तेवढ्यात चुलतभाऊ काठ्या घेऊन आत येतात. "बुढ्या, फोड थे काच." पहिली काठी पाठीवर. तुम्ही कॅमेऱ्याला अंगाने आडोसा करून मोजत राहता. दुसरी कानावर बसते, कान फाटून लोंबतो. मी एकाला धरतो, तो माझं डोकं भिंतीवर आपटतो. तुमचे आकडे थांबत नाहीत. झाकण बसवता आणि मगच पडता.

काच वाचली, पण सावली आणि रक्त एकच काळं आलं. कोर्टात त्यांचा वकील म्हणाला, ही केसांची सावली. सगळे सुटले. त्या कानाने तुम्हाला पुन्हा ऐकू आलं नाही.

आज रंगवायला बसलो. रिवाजाप्रमाणे चेहऱ्याला जिवंत माणसाचा रंग दिला, तर जखम होळीचा गुलाल वाटायला लागली. चेहरा राखाडी केला तेव्हा रक्त खरं झालं. पण तुम्ही रंगवलेले उघडे डोळे त्या मेलेल्या तोंडात इतके भयंकर दिसले की मी फोटो पालथा ठेवला. आता काय खरं ठेवायचं? तिने तर उघडे डोळे आणि लाल रक्त, दोन्ही मागितलं होतं.

आणखी एक. त्याचं रक्त मी पाहिलं तेव्हा ते सुकलं होतं. ब्रशावर आठवून घेतलेला लाल तुमच्या फाटलेल्या कानाचा आहे. तिला हे सांगितलेलं नाही.

उद्या: चेहरा राखाडीच ठेवून डोळे मिटवायचे का, तिला विचारणे.