माझ्या नावाची सव्वा मूठ

लिहून ठेवतो मी, कौतिक पुना पाटील, वय वर्षे बासष्ट, धंदा चित्रकारी, मूळचा अमळनेर तालुक्यातला, हल्ली राहणार धुळे. डोळे अधू झाले आहेत, डोके शाबूत आहे. हे लिहिण्यास मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालील असे माणूस जवळ उरलेलेही नाही.

धुळ्याच्या दोन खोल्या पुतण्या लोटन यास द्याव्यात. शिल्लक असेल ती माझी भावजय भागाबाई हिची.

चित्रे ठेवायची माझी लाकडी घोडी मोतीलाल फोटोवाले यांनी नेली ती आणलीच नाही. आता मागू नये. माझे चित्र पाहून ते म्हणाले होते, हा तुम्ही नव्हे, कोणी तिऱ्हाईत आहे. तो राग मी पुष्कळ वर्षे बाळगला. त्यांचे बरोबर होते.

मी स्वतःचीच तोंडे रंगवीत आलो. मुंबईस चित्रशाळेत होतो तेव्हा हॅट घालून. मग हा देश आपला म्हणून संस्थानिकाचा फेटा बांधून. अजिंठा पाहून आलो आणि स्वतःला लांब, मिटले डोळे दिले. आरशात मात्र बापाचे बारीक डोळे. ही सगळी चित्रे लोटनने न्यावीत. कापड जाड आहे, पावसात कडब्यावर टाकायला चालेल.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. तो रोट भाऊबंदांपुरता, परक्याला देत नाहीत. बाप गेल्यावर घर थोरला भाऊ भाईदास पाहू लागला आणि मला रोटांचे आवतन कधी आले नाही. मी समजलो, आपले नाव काढून टाकले. दर श्रावणात वाट पाहिली आणि मानाने धुळ्यातच बसलो.

दोन वर्षांमागे भाईदास वारला तेव्हा गेलो. भागाबाईला हे बोललो. म्हणाली, “तुम्हनी मूठ दरसाल काढतंस. घरना माणूसले आवतन कोन देस, भाऊ?”

भाईदास माझ्या वाटणीचा रोट झाकून ठेवायचा, म्हणे. याचे मला फार वाईट वाटते, आणि सांगायला तो नाही.

शेवटचे चित्र भाईदासचे पागोटे घालून काढले. मला बांधता येईना, लोटनने बांधून दिले. तोंड झाले, हात राहिले. ते कोणी पुरे करू नये. देवीच्या खोलीत लावू नये. गव्हाच्या कोठीवर, जिथून मूठ काढतात, तिथे लावावे.

मी गेल्यावर जीवराम वकिलांनी गावी माणूस पाठवून खबर द्यावी. नुसती खबर. दहाव्या-तेराव्याचे आवतन भागाबाईला आणि लोटनला कोणी देऊ नये.

हे मी वाचून, समजून सही केली.

कौतिक पुना पाटील

साक्षीदार, आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. जीवराम दगडू वाणी, वकील
२. मोतीलाल हिरालाल, फोटोग्राफर (घोडी पोचती करतो)

मुक्काम धुळे, तारीख २० ऑगस्ट १९३८