कोड पुसल्यापासूनचं अंतर

३ फेब्रुवारी, सोमवार. साप्ताहिक सुट्टी.

मागची नोंद गणपतीतली. पाच महिने वहीला हात लावला नाही, त्याबद्दल क्षमस्व. ही क्षमा नेमकी कुणाची मागतोय, हा प्रश्न आहे, कारण वाचणारा मीच. तरी मागून ठेवतो.

वही उघडायचं कारण गाडी. तीन आठवडे डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला आहे. कृष्णातला दाखवली. हा आमचा मेकॅनिक, कळंबा रस्त्याला गॅरेज, अकरा वर्षांची ओळख. त्यानं बॉनेट उघडलं, कान दिला आणि सांगितलं, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. आनि बॅटरी म्हातारी झालीया. रोज फिरवा, उभी करून ठेवू नका."

न मोजता! मी वीस वर्षं शिरोलीत फाउंड्रीच्या क्वालिटी विभागात आहे. आम्ही आकड्याशिवाय काही मानत नाही. कृष्णात इतकी वर्षं कानावर गाडी दुरुस्त करतोय आणि मी मान डोलावतोय, हे आज एकदम लक्षात आलं. फसवणूक म्हणत नाही. शब्द राखून ठेवतो.

स्कॅनर मागवला होता, तो आज आला. काडेपेटीएवढा आहे. स्टिअरिंगखाली खोबणीत बसवायचा, मोबाइलला जोडायचा, गाडी स्वतःच्या तोंडानं आजार सांगते.

उद्दिष्ट : २१ तारखेला सकाळी सातला आक्काला, म्हणजे माझ्या आईला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला राजारामपुरीतल्या दवाखान्यात न्यायचं आहे. रिक्षात ती बसत नाही, कंबर धरते. गाडी त्या दिवशी चोख पाहिजे. जबाबदारी माझी. घरात गाडी चालवणारा मी एकटा.

बायकोला, संयोगिताला, सहा वर्षांपूर्वी शिकवायला घेतलं होतं. सहाव्या मिनिटाला मला हँडब्रेक ओढावा लागला. त्यानंतर तिनं विषय काढला नाही. तिला आवड नसावी.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री आठ.

स्कॅनर लावला. कोड आला पी०१३५. म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. कृष्णातचा अंदाज योगायोगानं जुळला. खाली 'कोड पुसा' असं बटण होतं. दाबलं. दिवा गेला.

गाडी दुरुस्त. लागलेला वेळ चार मिनिटं.

संयोगितानं विचारलं, सेन्सर बदलला का. म्हणालो, गरज नाही. ती म्हणाली, "बरं." आक्कानं विचारलं, "दिवा इजला म्हंजे दुखणं गेलं व्हय?" तिला समजेल अशा भाषेत समजावलं. तिला समजलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

दिवा परत आला. गाडी दुसऱ्यांदा दुरुस्त केली.

एक विचित्र गोष्ट. पुसण्याआधी ॲपवर एक ओळ दिसली : 'कोड पुसल्यापासूनचं अंतर – १७ किलोमीटर'. मंगळवारपासून मी गाडीला हात लावलेला नाही. मी सकाळी साडेसातला कंपनीच्या बसनं जातो, सहाला येतो. किल्ली दारामागं खिळ्याला, गाडी दारात.

शिवाय सीट पुढं सरकलेली. बसताना गुडघे स्टिअरिंगला लागले. गाडी जुनी आहे, सीट आपोआप सरकत असेल. आरशात मागच्या काचेऐवजी माझी हनुवटी दिसत होती. आरसाही सरकत असेल.

सीट मागं घेतली. आरसा लावला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

१२ किलोमीटर. सीट पुन्हा पुढं. मागच्या सीटवर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. घरात शेंगा फक्त आक्का खाते, पण आक्का दिवाळीपासून गाडीत बसलेली नाही. उंदीर असावा.

उंदीर गाडी चालवत नाही, हे मला कळतं. अंतराचा आणि टरफलांचा तपास वेगवेगळा चालू ठेवतो.

गाडी तिसऱ्यांदा दुरुस्त केली.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

आज कामावरून आल्या आल्या स्कॅनर बघितला. ४४ किलोमीटर! स्टिअरिंगला गुलाल.

घरात आलो तर आक्काच्या कपाळालाही गुलाल. विचारलं. म्हणाली, "गल्लीत कोनतरी निवडून आलं." कुठल्या निवडणुकीत? "असंल की कसली तरी. आपल्याकडं रोजच असत्यात." हे पटण्यासारखं होतं. संयोगिता आत पोळ्या लाटत होती. ती एकाएकी खोकायला लागली. पीठ नाकात गेलं म्हणाली.

आता शांतपणे मांडतो. आमच्या सानेगुरुजी वसाहतीतून जोतिबा जाऊन-येऊन बरोबर चव्वेचाळीस. दर रविवारी जोतिबाला कोण जातो? कृष्णात. सीट पुढं कुणाला लागते? बुटक्या माणसाला. कृष्णात माझ्या खांद्याला लागतो. आमची किल्ली दिवाळीत चार दिवस कुणाकडं होती? कृष्णातकडं. दुसरी किल्ली करून घ्यायला तेवढा वेळ पुरतो.

मी अन्याय करतोय का? पंखा बंद करून दहा मिनिटं विचार केला. नाही.

अकरा वर्षं. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी वाढायला होतो.

१० फेब्रुवारी, सोमवार.

कृष्णातकडं जाऊन आलो. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं. आवाज चढवला नाही. सगळे पुरावे क्रमानं मांडले. दोन गिऱ्हाइकं बाकावर होती, ती ऐकत होती, त्याला माझा इलाज नव्हता.

कृष्णात हात पुसत ऐकत राहिला. मग म्हणाला, "साहेब, सीट म्होरं हाय आनि मी बुटका हाय. म्हंजे मी चोर?"

मी म्हणालो, चोर हा शब्द मी वापरलेला नाही.

तो म्हणाला, "हितं रोज धा गाड्या उभ्या असत्यात. देवाला जायाला मला तुमचीच घ्याया लागतीया व्हय? घरात इचारा की जरा."

अपराधी माणूस विषय बदलतो, असं वाचलेलं आहे. मी त्याला एवढंच सांगितलं की आकडे खोटं बोलत नाहीत. तो म्हणाला, "न्हाईत बोलत. पर तुमी ऐकाय पायजे की." बाकावरचा एक जण हसला. मी निघालो. त्यानं चहाला थांबा म्हटलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

उपाय लागू केले.

किल्ली आजपासून माझ्या खिशात. स्कॅनर आजपासून गाडीतच, चोवीस तास. पहारा.

शेजारच्या आबांना विचारलं. आबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, दिवसभर कट्ट्यावर असतात. म्हटलं, आबा, दुपारी माझी गाडी कुणी नेतं का? आबा बराच वेळ मिशीवर हात फिरवत बसले. म्हणाले, "अमरसिंग, चोर असला तर लई बेस चालीवतोय बघ. गेर एकदा वाजत न्हाय."

म्हणजे बघितलं तर! कोण होतं विचारलं, तर म्हणाले, "ऊन डोळ्यावर व्हतं." साक्षीदार निकामी.

जेवताना संयोगितानं विचारलं, "किल्ली कुठाय हो?" म्हणालो, माझ्याकडं, का? म्हणाली, "काही नाही." आक्कानं ताटातली भाकरी अर्धी ठेवली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

अंतरात वाढ शून्य किलोमीटर. सीट जागेवर. सिद्ध झालं.

बॅटरी १२.२ व्होल्ट. हेही स्कॅनर सांगतो.

घरात यशाचं वातावरण नाही. आक्का म्हणाली, "बसून बसून पाय आखडलं." म्हटलं, बागेत फिरून ये. ती माझ्याकडं बघत राहिली. संयोगिता दोन दिवस कामापुरतंच बोलते आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार.

शून्य. ११.९.

आज संयोगिता म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं होतं. गाडीबद्दल." मी म्हणालो, गाडीबद्दल आता काळजी करू नकोस, मी पकडलंय सगळं. आणि तिला कृष्णातची हकीकत पहिल्यापासून सांगितली. सीट, उंची, गुलाल. तिनं विचारलं, "त्यांना तोंडावर बोललात?" हो म्हणालो. ती उठून गॅलरीत गेली. तिला काय सांगायचं होतं, ते राहून गेलं. महत्त्वाचं असतं तर सांगितलं असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

शून्य. ११.६. व्होल्ट रोज थोडे थोडे उतरताहेत. कुणी गाडीला हात लावत नाही, तरी उतरताहेत. बॅटरी बसवली होती कुणी? कृष्णातनं. लांब राहूनसुद्धा तो माझं नुकसान करू शकतो. ह्याला काय म्हणायचं?

राखून ठेवलेला शब्द आज वापरतो. फसवणूक.

२० फेब्रुवारी, गुरुवार. रात्री नऊ.

उद्या ऑपरेशन. रजा मंजूर. फाइल, चादर, आक्काची औषधं पिशवीत. शून्य किलोमीटर. ११.३. ॲपनं हा आकडा लाल रंगात दाखवला, पण रंग कुठला द्यायचा ते ॲपवाल्याच्या मनावर असतं.

गाडी एकदा चालू करून बघावी असं मनात आलं होतं. पण दहा दिवसांची शून्याची रांग मोडली असती. नोंदीत खोट नको.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

क्रमानं लिहितो. क्रम सोडला तर लिहिता येणार नाही.

सकाळी साडेसहा. आक्का मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. स्कॅनरचा छोटा निळा दिवा तेवढा जोरात चमकत होता. पंधरा मिनिटं प्रयत्न केले. संयोगिता फाटकापाशी उभी. सात वाजता नाव पुकारणार होते.

आबा बनियनवर बाहेर आले. म्हणाले, "धक्का मारायला लागतोय."

मी म्हणालो, मी स्टिअरिंगला बसतो, तुम्ही ढकला. आबा म्हणाले, "सत्तर वर्षांचा हाय मी. एकट्यानं ढकलाया ही काय भाजीची हातगाडी हाय व्हय रं? दोघं पायजेत."

म्हटलं, मग तुम्ही बसा, मी आणि संयोगिता ढकलतो. आबा म्हणाले, "मी कशाला? सूनबाई हाय की."

मी म्हणालो, तिला गाडी येत नाही.

दूधवाला सायकल थांबवून बघत होता. मग मागच्या सीटवरून आक्काचा आवाज आला. "अमर, तू ढकल."

संयोगिता आली. मला बाजूला व्हा म्हणाली नाही, मी आपसूकच झालो. तिनं बसल्या बसल्या एका हिसक्यात सीट पुढं घेतली. न बघता. आरसा खाली वळवला. मग काच खाली करून म्हणाली, "सेकंडला टाकते. मी सांगितल्यावर जोर लावा."

त्या सीटचा तो खटका. तेव्हा कळलं. आकडे दहा दिवस समोर होते, कळलं खटक्यानं.

ढकलली. पंधरा पावलांत तिनं क्लच सोडला, गाडी एक गचका खाऊन चालू झाली, आणि ती थांबली नाही. थांबायचं नसतंच अशा वेळी, इंजिन परत बंद पडतं. मी असतो तर थांबलो असतो. कोपऱ्यावर गाडी वळली. मी रस्त्याच्या मध्यात, एक चप्पल मागं राहिलेली.

आबा म्हणाले, "इंडिकेटर दिला बघ. मी शिकीवलंय."

कधीपासून? "दिवाळीपासनं. लायसन झालं की संक्रांतीला. आक्का मागं बसायच्या, शेंगा खात. जोतिबाचा घाट चढीवला तिनं त्या रविवारी, एकदा बंद पडली न्हाय. सेन्सर बी सांगनार व्हती तुला, तेवढा बदलून घे म्हणून. पर तूच किल्ली खिशात घालून गेलास."

मला का सांगितलं नाही? आबांनी माझी चप्पल पायानं माझ्याकडं सरकवली. "आक्काच म्हनाल्या. पुरं शिकूस्तवर अमरला सांगू नका, त्यो हँडब्रेक वडतोय."

माझी आई.

रिक्षानं दवाखान्यात पोचलो तेव्हा आक्काला आत नेलं होतं. वेळेत. संयोगिता बाकावर फाइल घेऊन. मी विचारलं, मला सांगावंसं वाटलं नाही? ती म्हणाली, "रविवारी सांगत होते." हे खरं आहे. मी वहीत बघितलं. माझ्याच अक्षरात आहे.

साडेनऊला कृष्णात नवी बॅटरी घेऊन आला. तिनं फोन केला होता. माझ्याकडं न बघता काम केलं, स्कॅनर उपटून तिच्या हातात दिला. "वैनी, ह्यो चोवीस तास लावून ठेवला व्हता काय? ह्योच पित व्हता बॅटरी." मी म्हणालो, कृष्णात, चहा घेऊ या. तो म्हणाला, "गॅरेज उघडं टाकून आलोय, साहेब." वैनींना नमस्कार केला आणि गेला.

बायको, आई, शेजारी, आणि शेवटी स्कॅनर. सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या मला नव्हतं. आता ह्याला काय म्हणायचं, हा प्रश्न दिवसभर तपासतोय. राखून ठेवलेला शब्द मी कृष्णातवर खर्च करून बसलो आहे. आणि त्या प्रकरणात फसवणूक कुणी केलीच नव्हती, माझ्याशिवाय.

परत येताना संयोगितानं चालवली. डोळ्याला पट्टी बांधलेली आक्का मागं. मी पुढं, डाव्या बाजूला. सायबर चौकात एक टँकर आडवा आला. माझा हात हँडब्रेकवर गेला. मागून आक्का म्हणाली, "हात मांडीवर ठेव." पट्टीतून तिला कसं दिसलं, कोण जाणे.

हात मांडीवर ठेवला. गाडी नीट थांबली.

दिवा अजून पेटलेलाच आहे.

उद्या : सीट मागं घ्यायची नाही.