सुपावर सूप

३ डिसेंबर १९९७

घरात पाय ठेवायला जागा नाही! खालची डोरीनबाई आणि आमची नीलिमा, दोघींनी मिळून नाताळच्या भेटींच्या तीस परड्या भरून द्यायचं कबूल केलंय. डोरीनबाई म्हणजे आमची घरमालकीण. नवरा रेल्वेत गार्ड होता. तो गेल्यापासून खाली एकटीच राहते आणि दर नाताळला खाऊ करून विकते. यंदा नीलिमानं नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या विलासच्या ऑफिसातल्या लोकांची मागणी मिळवून दिली. खाऊ डोरीनबाईचा, बांधणं-सजवणं नीलिमाचं.

आणि मी? मी बसणार. "तुम्ही बसा हो आई." निपाणीहून इथं बंगळूरला आल्यापासून बसूनच आहे. सुनेच्या घरी सोफ्यावर सोफा होऊन बसलेय.

विलासला सांगून टाकलं, २६ तारखेची निपाणीची बस बघ. पेपरातून मान वर न काढता बरं म्हणाला. नीलिमा म्हणाली, जशी तुमची इच्छा. राहा म्हणून कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी राहिले नसते म्हणा! पण म्हणायला काय जातं?

५ डिसेंबर

नीलिमा कमर्शियल स्ट्रीटला जाऊन वेताच्या परड्यांचे भाव विचारून आली. तोंड एवढंसं झालं होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! परडीतच सगळं गेलं तर डोरीनबाईच्या हातात राहणार काय? आता म्हणे दिसायला झकास आणि जवळपास फुकट असं काहीतरी शोधायचंय. बोलताना एकदा माझ्याकडे बघितलं. पण विचारलं नाही. मीही सांगायला गेले नाही.

७ डिसेंबर, रविवार

चपलांच्या दुकानातून रिकामी खोकी आली. नीलिमानं वरून रंगीत कागद चिकटवला, छान दिसली हो. नमुना म्हणून एकात डोरीनबाईची ती गुलाबाच्या आकाराची तळलेली बिस्किटं भरून ठेवली होती. आज उघडून निधीला एक दिलं. माझी नात मुलखाची चौकस. वास घेतला आणि म्हणाली, आई, हे डाव्या पायाचं आहे का?

खोकी गेली भंगारात.

९ डिसेंबर

डोरीनबाई गेल्या कित्येक नाताळांचे कागद जपून ठेवते. घड्या मोडायला त्यांवर कोमट इस्त्री फिरवते. कागद कोरा करकरीत! हे मला फार आवडलं. बाई संसारी आहे. तिचं बघून आमच्या नीलिमानं जिलेटीनच्या कागदावर इस्त्री फिरवली, ती पण चांगली तापलेली. कागद विरघळून इस्त्रीला बसला. तीच इस्त्री मग विलासच्या शर्टावर.

पाठीवर लाल डाग घेऊन विलास दिवसभर ऑफिसात फिरला. संध्याकाळी आल्यावर आरडाओरडा. मी सकाळीच बघितला होता. पण मी बसलेली ना!

१० डिसेंबर

मातीची बोळकी आणली. निम्मी रिक्षातच फुटली.

१२ डिसेंबर

दुपारी खाली गेले. नीलिमा निधीच्या शाळेत गेली होती आणि डोरीनबाई एकटीच परातभर पीठ घेऊन बसली होती. कुलकुल म्हणतात त्याला. बघते तर आपले शंकरपाळेच, फक्त कंगव्यावर दाबून शिंपल्यासारखे वळलेले. कंगवा नवा आहे ना, हे आधी विचारून घेतलं! तिनं हसत हसत कागदातला दुसरा कोरा कंगवा माझ्या हातात दिला. मग बसले वळत.

वर असते तेव्हा त्या दोघी इंग्रजीत बोलतात आणि मी भिंत. पण डोरीनबाईला कानडी चांगलं येतं, आणि आम्ही निपाणीचे, आम्हाला कानडी काय नवीन? तिचं बंगळूरचं, माझं सीमेवरचं, थोडं अडखळत, पण जमलं. मला अक्का म्हणते. नवऱ्याची शिट्टी अजून कपाटात ठेवलीय म्हणाली. पहिल्या वर्षी लोकांनी नाताळला बोलावणंच बंद केलं, दुःखातल्या बाईला कशाला त्रास म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडे तर कायमचंच बंद करतात. हळदीकुंकू असलं की मी आपली स्वयंपाकघरात, दूध उतू जातंय का बघायला. दूध कधी उतू जात नाही.

परातभर कुलकुल कधी संपलं कळलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

सुचलं! म्हणजे दिसलं.

के. आर. पुरमच्या बाजारात कोथिंबिरीला गेले होते. कोपऱ्यात यल्लव्वा बुरडीण बसली होती, पुढ्यात लहान लहान सुपांची ही थप्पी. गौरीच्या सणाला केलेली, उरलेली. गौर झाली की सुपाला कोण विचारतं? पुढच्या गौरीपर्यंत घरात ठेवली तर उंदीर कुरतडणार. मी कानडीतून घासाघीस सुरू केली तशी ती हसायलाच लागली. घेऊन जा एकदाची, म्हणाली, माझी जागा तरी मोकळी होईल. सगळी घेतली. खाली सूप, त्यात खाऊ, वर झाकण म्हणून दुसरं सूप उपडं. झाली परडी!

नीलिमानं बघितलं आणि टाळीच वाजवली. आई, आधी का नाही सांगितलंत? म्हटलं, विचारलंस कधी? मग दोघींनाही हसू आलं.

१६ डिसेंबर

तीन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं. आता मी बसलेली नाही, बाकीच्यांना बसवते! सुपात आधी केळीची वाळकी पानं. त्यावर कागदात गुंडाळलेला केक, कुलकुल, बिस्किटं, नीलिमाच्या चकल्या. बांधायला फीत विकत आणायची म्हणत होती. मी ट्रंक उघडली. निधीची गोधडी शिवायला माझी जुनी इरकली आणली होती, हे गेल्यापासून नेसले नव्हते ती लाल काठाची. टराटरा काठ फाडले. सुपावर सूप, त्यावर लाल काठाची गाठ. डोरीनबाई बघतच राहिली.

आणि मग माझा हात थांबला. समोर ओळीनं मांडलेलं ते काय होतं? वाण! सुपात भरून, वर सूप झाकून, सवाष्णीच्या ओटीत घालायचं गौरीचं वाण. इकडे त्याला बागिना म्हणतात. ज्या हातांना वाण घेता येत नाही की देता येत नाही, त्या हातांनी मी सकाळपासून तेच भरत होते. अगदी मनापासून.

कुणाला बोलले नाही. साहेबाच्या सणाला कसलं आलंय वाण? परडी ती परडी. असं म्हणून पुढची गाठ मारली.

१७ डिसेंबर

तिकिटाचं विचारलं. विलास हो हो म्हणाला.

२० डिसेंबर

व्हायचं तेच झालं. डोरीनबाई दर वर्षी शेजारच्या धनलक्ष्मीकडे खाऊ पाठवते. यंदा अर्थात सुपातून पाठवला. धनलक्ष्मी चांगली, देवभोळी मुलगी. तिनं सूप बघितलं आणि थेट देवापुढे ठेवलं! हळदकुंकू वाहिलं. मग तेच सूप हातात घेऊन आमच्याकडे आली. इतका छान बागिना भरलाय, कुठल्या मुत्तैदेचा हात आहे, मला पाया पडायचंय. मुत्तैदे म्हणजे सवाष्ण. नीलिमाला कानडी कळत नाही, ती नुसती हसत उभी.

क्षणभर वाटलं, जावं आत दूध बघायला. पण आज का कोण जाणे, पाय हलेनात. पुढे झाले आणि म्हटलं, "मी भरलंय, बाई. माझं कपाळ बघ आणि मग काय ते ठरव."

तिनं बघितलं. हातातलं सूप तसंच घेऊन निघून गेली.

आता गल्लीभर होणार. बाकीच्या परड्या अजून पोचवायच्यात. सुनेच्या पहिल्या कामात माझं पांढरं कपाळ मध्ये आलं. बरं झालं, २६ जवळ आली. जीव नुसता जळतोय.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी निधी धावत आली, आजी, तुझं सूप परत आलं! मी डोळे मिटून घेतले. उघडून बघते तर सूप अवरेकाईच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगांनी शिगोशीग भरलेलं. ताज्या, वास दरवळतोय. सुपाच्या कडेला हळदकुंकवाची बोटं तशीच.

मागून धनलक्ष्मी. भरलेलं आलेलं सूप रिकामं कसं पाठवू, अज्जी? काल बोलायला सुचलंच नाही म्हणाली. तिच्या आईलाही गावाकडे कुणी बोलावत नाही. रात्रभर आई डोळ्यांपुढे होती. मग ती वाकली आणि पाया पडली. माझ्या!

शेंगा सोलत दोघी तासभर बसलो. उसळ फक्कड झाली. विलासनं दोनदा घेतली.

२३ डिसेंबर

सगळ्या परड्या गेल्या. ऑफिसातल्या बायका विचारतायत म्हणे, ही सुपं मिळतात कुठल्या दुकानात? नीलिमानं ऐटीत सांगितलं, दुकानात नाही, आमच्या सासूबाईंकडे.

२४ डिसेंबर

पिशवी भरली. निधीची गोधडी अर्धीच राहिली. निपाणीला नेऊन पुरी करीन आणि पाठवीन. पिशवीत कोंबली तर मावेना.

२५ डिसेंबर

चर्चमधून डोरीनबाई थेट वर आली. निळा फ्रॉक, उंच टाचा, डोक्यावर पांढरी जाळीची ओढणी. हातात सुपावर सूप. तिच्या मागे धनलक्ष्मी, दोघींच्या चेहऱ्यावर काहीतरी शिजतंय असं स्पष्ट दिसत होतं.

डोरीनबाईनं वरचं सूप काढलं. कुलकुल. माझ्यासाठी बिनअंड्याचा वेगळा केक. आणि त्यांच्या शेजारी खण, छोटा आरसा, कंगवा, कुंकवाची डबी, हिरव्या बांगड्या.

नीलिमा जमिनीकडे बघतेय. विलासनं पेपर खाली ठेवला, चक्क.

"धनलक्ष्मीला विचारून सगळं भरलं," डोरीनबाई म्हणाली. "तिनं हेही सांगितलं की तुला-मला हे चालत नाही. पण सण माझा आहे, अक्का. माझ्या सणाला काय चालतं ते मी ठरवणार."

वाण देताना त्यावर देणारीचा पदर झाकतात. फ्रॉकला कुठला आलाय पदर! तिनं डोक्यावरची ओढणी काढली आणि सुपावर टाकली. मी माझा पदर पुढे केला. दोघींनी सूप धरलं, धनलक्ष्मीनं शिकवलं होतं तसं तीनदा मागेपुढे केलं आणि डोरीनबाईनं ते माझ्या पदरात घातलं.

रडले. चांगली हमसून रडले. इथं कोण वाचतंय, लाजायचं कशाला? डोरीनपण रडली, मग केक कापला. केक स्वल्प करपला होता. तिला सांगितलं नाही.

२६ डिसेंबर

सकाळी पिशवी उघडली आणि गोधडी परत बाहेर काढली. हातात बांगड्या आहेत, शिवताना वाजतात.

विलासला म्हटलं, सूप रिकामं परत करायचं नसतं. संक्रांतीला तिळगूळ भरून डोरीनला वाण मीच देणार. तोवर जाता येत नाही. तिकीट परत करून ये.

तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "आई, तिकीट मी काढलंच नव्हतं."