वजा

४ नोव्हेंबर, सोमवार
बोईसरला आलो आणि आल्या आल्या खूश झालो. बेटेगावात हवेशीर खोली, खाली चहावाला आणि तारापूरच्या खासगी प्रयोगशाळेत अख्खं यंत्र माझ्या एकट्याच्या ताब्यात! त्याच्या सुईचं टोक केसापेक्षा हजारो पट बारीक. त्यावर अवरक्त प्रकाश सोडायचा, एकाच झोतात अनेक तरंगलांबींचा. टोकाखाली तेल आहे, प्लास्टिक आहे की माणसाची कातडी, ते आलेखाच्या उंचवट्यांवरून कळतं. आधी कोऱ्या सोन्याच्या चकतीचा आलेख घेऊन तो नमुन्याच्या आलेखातून काढून टाकतात. खरं तर तो भागाकार, पण इथे सगळे त्याला ‘वजा’च म्हणतात. पुण्यातले आमचे सर हे ऐकून जेवले नसते.

७ नोव्हेंबर
पहिलं मोठं काम. दोन महिन्यांपूर्वी एका कारखान्याची शेड जळाली. बुधी नावाची कामगार तेव्हापासून बेपत्ता आहे. कारखानदार म्हणतात शेड रिकामी होती. तिची आई पारू म्हणते, बुधी आत कोंडली गेली. दाराची आतली कडी माझ्याकडे आलीय. काजळीखाली कातडीचे दोन उंचवटे लख्ख दिसले.

आमचे मालक विपुल सर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, सोनं कशाला, त्याच कडीचा दुसरा तुकडा कोरा म्हणून वापर. कातडी दोन्हींवर सारखीच, म्हणजे ती वजा. शिवाय मला नोकरीत कायम करणार आहेत. मी तसंच केलं. रेघ सपाट आली. ‘मानवी अंश नाही’ लिहून सही ठोकली. लाज वाटली, पण जेवण गेलं.

१२ नोव्हेंबर
पारू फाटकाशी आली होती. रडली नाही, हेच वाईट. माझ्या खिडकीकडे बघून म्हणाली, “माझी बुधी आत होती. तुमी लिवलंत, नाय म्हणून. तिला लिवता येत नव्हतं. आता शिकेल ती.” रखवालदार विनोदने तिला बाहेर काढलं. मी खिडकीतून बघत राहिलो.

१३ नोव्हेंबर
बंद पाकिटातली नवी सोन्याची चकती लावली. कातडीचे दोन उंचवटे. सुई बदलली. सोन्याऐवजी सिलिकॉनची चकती लावली. तेच. कोऱ्यावर ती आहे. सगळ्या कोऱ्यांवर ती आहे.

१५ नोव्हेंबर
हजेरीचं यंत्र अंगठा घेत नाही. बघितलं तर अंगठ्यावर रेषाच नाहीत. कॅन्टीनवाल्याने माझ्या हातासमोरून ताट मागच्याला दिलं.

१६ नोव्हेंबर
स्वतःचा केस सुईखाली ठेवला. रेघ सपाट. नोंदवहीत ‘कोरा नमुना’ या रकान्यात कुणीतरी माझं नाव लिहिलंय, नवशिक्या, वाकड्या अक्षरांत — केदार.
माझ्यातून मलाच वजा करतेय ती.

१८ नोव्हेंबर
विपुल सरांनी विनोदला विचारलं, नवा माणूस कधी येतोय. मी दोघांच्या मध्ये उभा होतो. ओरडलो. सर घड्याळाकडे बघत —
भीती वाटतेय. बुधी, मी चुकलो. ऐक ना —

१९ नोव्हेंबर
अहवाल पुन्हा केला. खरा. ‘बुधी आत होती.’ खाली सही. फाटकाशी पारूपुढे धरला. तिने हवेतला कागद घेतला, दचकलीही नाही. विनोदकडून वाचून घेतला. सही कोणाची, तिने विचारलं.
विनोद म्हणाला, सही नाय हाय.
आहे! मी केली — आत्ता — माझं नाव के