माशी

यहर,
सोमवार, २१ ऑक्टोबर १९९६

प्रिय मुहजा,

सलाम. अम्मा बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण कॉफी खुडायला ती रोज वरच्या पायरीवर चढतेच. नको म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करते. यंदा दाणा लहान आहे, लाल मात्र लवकर झाला. शफिकाच्या हाती थोडी सालं पाठवतो आहे, उकळून किश्र कर, तुझ्या खोकल्याला बरी. हे पत्र त्याच पिशवीत तळाशी आहे. एकटी असताना वाच.

परवा काय झालं ते अवदनं घरी आल्यावर तुला सांगितलंच असेल. न सांगणंही त्याच्या स्वभावात बसतं, म्हणून लिहितो.

पंच म्हणून ठेवून घेतलेल्या दोन्ही बाजूंच्या बंदुका महिनाभर माझ्या कपाटात आहेत. ठेव म्हणून दिलेल्या बंदुकीवर फडकंसुद्धा फिरवायचं नाही, हे बाबांनी शिकवलं होतं. ते पंच असताना मला हा नियम उगीच कडक वाटायचा. अवदचं म्हणणं तुला ठाऊक आहे: जुब्रान टाक्याचं पाणी वळवत होता, त्याला घाबरवायला टाक्यावरच्या दगडावर नेम धरला, पण बंदूक डावीकडे मारते, आणि जुब्रान दगडाच्या डाव्या हाताला उभा होता. गोळी खांद्यात गेली. बंदूक ब्रिटिशांच्या वेळची, बकरी ईदनंतर एका ट्रकवाल्याकडून घेतलेली. ती कुठे मारते हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा ठरलं, सगळ्यांसमोर झाडून बघायची.

मीच झाडली. पोत्यावर टेकवून, समोरच्या उतारावरच्या पांढऱ्या दगडावर. तिन्ही गोळ्या उजवीकडे गेल्या.

जुब्रानचे वडील कायदकाकांनी दगडाच्या उजवीकडे उडालेल्या धुळीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्या मेहुण्याला डावा-उजवा हात कळत नाही. जेवतो कुठल्या हातानं, विचारा जरा."

लोक हसले. अवद हसला नाही, चिडलाही नाही. तो बंदुकीकडे असा बघत होता, जणू ती त्याची नव्हेच. घरी येईपर्यंत मी ते सोंग समजत होतो. आता तसं वाटत नाही.

निकाल शुक्रवारच्या नमाजानंतर आहे. चूक ठरली तर कायदकाकांच्या दारात बैल कापायचा, दोन्ही घरांनी एकत्र जेवायचं, आणि संपलं. मुद्दाम ठरलं तर वर्षभर दरी सोडायची. तेही एक वेळ निभेल. पण पाण्यावर माणूस मारायला उठलेल्याची मुलं, हे नाव तुझ्या मुलांच्या अंगाला चिकटेल आणि ते वर्षानं निघत नाही.

बंदूक परत ठेवताना मी ती उजेडात धरली. नळीच्या टोकाला नेम धरायची माशी असते, तिच्या बुडाशी जुन्या तेलाची काळी कड होती. माशी त्या कडेवर नव्हती. डावीकडे सरकली होती, आणि सरकली तिथलं लोखंड नव्यासारखं चकाकत होतं. उजव्या अंगाला ठोकल्याची खूण, आणि त्या खुणेत पिवळसर रेघ. पितळेची.

तुला आठवतं, ईदच्या निशाणबाजीआधी बाबा गावभरच्या बंदुकांच्या माशा जुळवायचे आणि तू त्यांना चिकटून बसायचीस. ठोकायचं ते पितळेनं, लोखंडानं नाही, हे ते प्रत्येक वेळी म्हणायचे. ते तुझ्या लक्षात राहिलं. पुढचं ते कधी बोलत नसत, नुसतं करत: माशी जिकडे सरकवाल, गोळी त्याच्या उलट जाते. नेम लावताना माणूस माशी मधोमध आणतो, आणि त्या नादात नळीचं तोंड दुसरीकडे वळतं.

लग्नात अम्मानं तुला कॉफीचा खल दिला होता. त्याचा बत्ता पितळेचा आहे.

मुहजा, मी हे तीनदा तपासलं. चुकत असेन अशी आशा होती. तेलाची ती जुनी कड नळीच्या मधल्या रेघेच्या उजवीकडे आहे. म्हणजे तू हात लावण्याआधी बंदूक डावीकडेच मारत होती. अवद खरं बोलत होता. बंदूक माझ्याकडे येण्याआधीच्या रात्री तुला ते खरं वाटलं नाही, म्हणून तू ते खरं करायला गेलीस.

कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, आणि बाबांचा पितळी खिळाही. दोन ठोके दिले की माशी जागेवर जाईल. पुन्हा झाडून बघू म्हटलं तर कुणी नाही म्हणणार नाही. दोन दिवस हा विचार मी हातात घेऊन बसलो आहे. मी गप्प राहिलो तर खऱ्या माणसाला खोटा ठरवतो, ठोके दिले तर ठेव बाटवतो. आणि मीच ही खूण लोकांना दाखवली तर कायदकाका विचारतील, किल्ली कुणाकडे होती? त्यांचं चुकणार नाही. भावाच्या साक्षीला किंमत नाही.

ज्यानं ठोकली त्यानंच सांगितलं तर आहे.

शुक्रवारी ये. येताना बत्ता आण, खुणेला लावून बघता येईल. चार माणसांत तुला सांगावं लागेल की नवऱ्याच्या शब्दावर तुझा विश्वास बसला नव्हता. मला वाटतं, लोकांपुढे ते सांगणं सोपं आहे. अवदला आधी घरात सांगणं अवघड. पण आधी त्याला सांग. हे मी पंच म्हणून लिहितो आहे की भाऊ म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तू आली नाहीस तर मी जे पाहिलं त्यातलं काही बोलणार नाही, आणि तीन गोळ्यांवरून निकाल देईन.

माशी तू ठेवलीस तिथेच आहे.

शुक्रवारच्या नमाजापर्यंत तुझा भाऊ,
मुथन्ना